टोपीभर पानं

त्या साली बर्फ वाट चुकला. नोव्हेंबर निम्म्याच्या पुढे गेला तरी रान उघडंबोडकं. मेपलची पानं गळून घोटाघोटाभर साचलेली, त्यांवर पॉपलरच्या झाडांची पिवळी, आणि वर ऊन असं, की अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराकाठच्या म्हाताऱ्यांनी सकाळी दार उघडावं आणि आपण झोपेत दुसऱ्याच राज्यात आलो की काय, म्हणून शेजाऱ्याचा कुत्रा ओळखीचा आहे का ते आधी बघावं.

दुसऱ्या कुणाचं बर्फावाचून फारसं अडलं नव्हतं. कांगासांच्या घरात मात्र लेम्पी रोज पहाटे वॉकर धरून खिडकीशी जायची, बाहेर बघायची आणि आभाळाला एक अस्सल फिनी शिवी हासडायची.

लेम्पी थापाडी होती, हे पंचक्रोशीला ठाऊक. तिची आजी फिनलंडहून आली ती बोटीनं नाही, एका रागीट अस्वलाच्या पाठीवर बसून. बंदरावरच्या साहेबानं अस्वलाचंही तिकीट मागितलं, तर आजीनं साहेबाची टोपी अस्वलाला खाऊ घातली. पण सगळ्यात गाजलेली थाप लांडगिणीच्या दुधाची. लेम्पी तान्ही असताना आईला दूध नव्हतं. मग आजीनं रानातली एक बाळंत लांडगीण गाठली, सुकी मासळी देऊन पटवली आणि नातीला तिच्या अंगावर पाजलं. तेव्हापासून लेम्पीला अर्ध्या मैलावरून रक्ताचा वास येतो. म्हणून तर तिचा नवरा वाल्फ्रिड मचाणावरून हरणाला गोळी घालतो आणि माग काढायला बायकोला घेऊन जातो.

लोक पोट धरधरून हसायचे. थाप एवढी मोठी असली, की तिच्याखाली काय झाकलंय ते कुणी उचलून बघत नाही.

झाकलं होतं एवढंच, की वाल्फ्रिडला लाल रंग दिसत नव्हता.

लग्नाआधी तो तिच्या लालभडक झग्याला "तो तुझा मातकट झगा" म्हणाला, तेव्हा तिला वाटलं पोरगा खोडकर आहे. लग्नानंतर रानातल्या स्ट्रॉबेऱ्या आणायला पाठवला तर बादलीत निम्म्या हिरव्या. त्याच शरदात त्यानं एका मादीला गोळी घातली, पानांवर एकही थेंब दिसला नाही, म्हणून लागलीच नाही समजून घरी आला. चौथ्या दिवशी त्या बाजूला डोमकावळे घिरट्या घालू लागले. वाल्फ्रिड तिथं गेला, टोपी काढून उभा राहिला आणि आठवडाभर मांसाला शिवला नाही. मग एका शनिवारी साउनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, अंधारात, वरच्या फळीवर घाम निथळत बसलेला असताना, त्यानं बायकोला सांगितलं. रेल्वेत नोकरीला गेला होता, तिथं दिव्यांच्या परीक्षेत नापास झाला. बापाला कळलं, तर बाप वर्षभर जेवणाच्या टेबलावर 'ए आंधळ्या' म्हणून हाक मारायचा. "कुणाला सांगू नकोस," एवढं बोलून त्यानं तापलेल्या दगडांवर पाणी मारलं.

तेव्हापासून माग लेम्पीचा. एक्कावन्न वर्षं. बर्फ असला की तिचं काम हलकं, कारण पांढऱ्यावर थेंब काळा दिसतो, तेवढं त्याला पुरतं. बर्फ नसला की सगळा भार तिच्या डोळ्यांवर.

आणि यंदा बर्फ नव्हता, आणि लेम्पीला पाय नव्हता. ऑगस्टात साउनाच्या पायरीवरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं, आत लोखंडी सळई बसवली. डॉक्टरनं बजावलं होतं, सपाट जमीन, हातात वॉकर, आणि पुन्हा पडलात तर मात्र जन्मभर खुर्ची.

शिकारीचे दिवस नऊच. पहिला दिवस शनिवार. शुक्रवारी संध्याकाळी वाल्फ्रिड बुटांना मेण चोळत बसला होता.

"यंदा राहू दे," लेम्पी म्हणाली.

"फ्रीजर रिकामा आहे."

"दुकानात कोंबडी मिळते."

"दुकानातली कोंबडी," तो म्हणाला, एखाद्या रोगाचं नाव घ्यावं तसं.

"अरे पण बर्फ नाही."

"जागच्या जागी पडेल असाच बार टाकीन. नाहीतर घोड्याला बोट लावणार नाही."

"असं सगळेच म्हणतात. हरणाला सांगून ठेवलंयस का?"

 तो बुटाच्या शिवणीत अंगठ्यानं मेण दाबत राहिला. त्याला त्र्याहत्तरावं लागलं होतं. झाडावर चढायच्या फळ्या त्यानं गेल्याच आठवड्यात बदलल्या होत्या, आणि नव्या फळ्या जरा जवळजवळ ठोकल्या होत्या, हे लेम्पीला ठाऊक होतं.

शनिवारी तो पहाटे गेला आणि अंधारून आल्यावर रिकामा आला. रविवारीही तसंच. दोन माद्या अगदी मचाणाखालून गेल्या म्हणाला. पण त्या चालत होत्या, थांबल्या नाहीत, म्हणून सोडल्या. लेम्पीनं सूप वाढलं. दिवसभर तिनं लाकडं आत आणली होती, वॉकरच्या पिशवीत एकेक ओंडका टाकून. अकरा फेऱ्यांत अकरा ओंडके. असल्या कामाला पूर्वी तिचा एक हात लागायचा.

रविवारीच एड्गर बोड्री येऊन टपकला. पूर्वेकडचा शेजारी. मधे दलदल, दलदलीपलीकडे तारेचं कुंपण, कुंपणापलीकडे त्याचं रान. नाक तांबडं, आवाज मोठा, चार मुलगे. बोड्रींकडे मचाण नसे, ते हाका घालत. पाच-सहा जणांनी ओळीनं रान तुडवत जायचं आणि हरणं पुढे पळवायची.

"काय रे साळिंदरा, यंदाही झाडावरच?" त्यानं दारातूनच विचारलं. तिथली साळिंदरं झाडावर चढून बसतात.

"वरून बरं दिसतं," वाल्फ्रिड म्हणाला.

"उद्या हाक्याला ये. माझा धाकटा तापानं पडलाय, एक माणूस कमी आहे."

"नाही जमणार."

"बत्तीस वर्षं झाली, नाही जमणार. भितोस कशाला? आम्ही काय तुला हरीण समजून मारणार आहोत?"

वाल्फ्रिडची मान खाली गेली. तो भीत होता ते उलटं होतं, आपल्याच हातून कुणी मरेल म्हणून. आधी सगळे लाल लोकरी कोट घालायचे, हल्ली नारिंगी. दोन्ही त्याला सुकलेल्या नेच्यासारखे दिसत. म्हणून तो झाडावर बसायचा आणि फक्त खाली नेम धरायचा. गोळी चुकली तरी जमिनीतच जाईल.

"त्याला मीच बांधून ठेवते, बोड्री," लेम्पी मधे पडली. "एकदा मोकळा सोडला, तर तिसऱ्या गावात सापडला. लग्न ठरवून बसला होता."

एड्गर हसला, कॉफी प्याला, दोन बिस्किटं खाल्ली. उठताना म्हणाला, "पण यंदा तुझी पंचाईतच आहे गड्या. लांडगीण लंगडी झाली. माग कोण काढणार?"

तो गेला. वाक्य मात्र घरातच राहिलं.

सोमवारी सकाळी लेम्पी भाकरीचं पीठ मळत होती तेव्हा बार झाला. सात वाजून वीस मिनिटं. वाल्फ्रिडच्या बंदुकीचा आवाज ती त्याच्या खोकल्यासारखा ओळखायची. तिनं हात थांबवले आणि दुसऱ्या बाराची वाट पाहिली. आला नाही. म्हणजे एकतर पडलं, नाहीतर पळालं. पडलं असतं तर तो अर्ध्या तासात ट्रॅक्टर न्यायला आला असता.

तो सव्वाआठला आला, पायी, डोक्यावर टोपी नाही. टोपी दोन्ही हातांत उलटी धरलेली, पाणी सांडू नये तशी.

"लागली," तो म्हणाला.

"मग?"

"थांबला होता. मोठा नर, आठ टोकांचा. मी नेम धरला, घोडा दाबला, आणि त्याच वेळी त्यानं पाऊल टाकलं." त्यानं टोपी टेबलावर ठेवली. टोपीत पानं होती, काठोकाठ. "तो उभा होता तिथली सगळी उचलून आणली."

लेम्पीनं पिठाचे हात पुसले, वर्तमानपत्र पसरलं, चष्मा लावला. एकेक पान उलटसुलट करून बघू लागली. वाल्फ्रिड समोर उभा राहिला, शाळेत निकालाला उभं राहावं तसा. लाल मेपल, तांबूस मेपल, किडीनं खाल्लेलं, कुजकं. ज्या पानांवर देवानंच लाल ठिपके टाकलेत अशीही डझनभर. तिनं ती सगळी बाजूला सारली. शेवटी तीन पानं उरली, आणि एक केसांचा पुंजका.

"पळताना कसा पळाला?"

"पाठीला कुबड काढून. शेपूट खाली."

तिनं पान नाकाशी नेलं, मग जिभेच्या टोकाला लावलं.

"फुप्फुस नाही. फुप्फुसाचं गुलाबी असतं, फेसाळ. हे काळपट आहे, जांभळाकडे झुकलेलं. पोटाची घाणही नाही. कलेजीत लागलीय रे."

वाल्फ्रिड खुर्चीत बसला. कलेजीत लागलेलं हरीण मरतं, पण सावकाश. लगेच मागे लागलं तर तीन मैल पळतं. चार तास सोडलं तर कुठेतरी बसतं आणि बसल्या जागी जातं. पण बाहेर ऊन असलं. संध्याकाळपर्यंत सापडलं नाही तर मांस नासणार, आणि रात्री कोल्हे-लांडगे त्याचा फडशा पाडणार. आणि तेही अजून जिवंत असताना.

"साडेअकरापर्यंत थांब," लेम्पी म्हणाली.

तो थांबला. म्हणजे लाकडं फोडली, फोडलेली रचली, रचलेली पाडून पुन्हा रचली. भाकरी भट्टीतून निघाली, तिला हात लावला नाही.

"बोड्रीच्या पोरांना बोलावू का?" तिनं विचारलं. "डोळे चांगलेत त्यांचे."

"आणि काय सांगू? लांडगीण लंगडी झाली म्हणून?"

साडेअकराला तिनं तिच्या जखमेच्या औषधांतली एक बाटली त्याच्या हातात दिली. जखम धुवायचं पाणी होतं ते. "रक्तावर पडलं की पांढरा फेस येतो. पांढरं तर दिसतं ना तुला? थोडं थोडं शिंपडत जा."

वाल्फ्रिडनं बाटलीकडे, मग तिच्याकडे बघितलं. "एक्कावन्न वर्षांत हे आधी का नाही सुचलं?"

"तेव्हा माझी गरज संपली असती. मी एवढी वेडी आहे का?"

दीड वाजता तो परत आला. गुडघे चिखलानं माखलेले, बाटली रिकामी. पडलेल्या हेमलॉकच्या ओंडक्यापर्यंत माग लागला होता, शंभर पावलं. पुढे रानभर पानं आणि बाटलीत थेंब नाही. तो दारातच पायरीवर बसला. लेम्पीला दिसत होती ती त्याची पाठ. त्या चौथ्या दिवशी, डोमकावळ्यांपाशी जाऊन आल्यावर, तो असाच बसला होता. तेव्हा पाठ रुंद होती, एवढाच फरक.

"वाल्फ्रिड."

"हं."

"हरीण ओढायची घसरगाडी काढ."

"कशाला? हरीण कुठाय?"

"हरीण नाही. मी आहे."

त्यानं वळून बघितलं. मग सरळ म्हणाला, "नाही. डॉक्टरनं—"

"डॉक्टरनं चालू नको म्हणून सांगितलं. आडवं पडून जाऊ नको असं कुठे म्हणाला? कागद आण, दाखव मला."

ट्रॅक्टरच्या मागच्या पेटीत गादी टाकून त्यानं तिला मचाणापर्यंत नेलं. दर खड्ड्याला ती देवाचं नाव घेत होती, पण ज्या सुरात घेत होती तो देवळातला नव्हता. पुढे ट्रॅक्टर जाण्यासारखं रान नव्हतं. प्लॅस्टिकची लांबट घसरगाडी त्यानं जमिनीवर ठेवली, आत दोन उशा आणि घोड्यावरची जुनी घोंगडी अंथरली. लेम्पी चांगल्या कुशीवर पडली, हनुवटी गाडीच्या काठावर, नाक पानांपासून वीतभर. वाल्फ्रिडनं दोर खांद्यावरून घेतला, बंदूक पाठीला अडकवली आणि ओढू लागला.

"लग्नात उंबऱ्यावरून उचलून न्यायचं विसरला होतास," ती खालून म्हणाली. "आज ती बाकी फिटते बघ."

"तेव्हा तू हलकी होतीस."

"मग तेव्हा का नाही उचललंस?"

तो हसला नाही. श्वास पुरवून वापरत होता.

हेमलॉकच्या ओंडक्यापाशी तिनं थांबवलं. ओंडक्याच्या सालीवर, गुडघाभर उंचीवर, रक्ताचं एक पुसटसं बोट फिरवल्यासारखं लागलं होतं. "उजवीकडून ओलांडलं." तिनं खिशातून कागदाचा पांढरा तुकडा काढून तिथं अडकवला. मग पुढे. सात पावलांवर थेंब. अकरावर दोन. मग काहीच नाही. "मागे घे. डावीकडे. अजून. थांब." गवताच्या पात्याच्या खालच्या अंगाला राईएवढा ठिपका. उभ्या माणसाला तो दिसलाच नसता. लेम्पीच्या मनात आलं, की आयुष्यभर आपण उगाचच पायांवर उभं राहून माग काढला.

पण मनातलं मनातच राहिलं, कारण मुळावरून गाडी आदळली आणि खुब्यातून सळई पार मानेपर्यंत गेल्यासारखी कळ आली. तिनं घोंगडीचं टोक दातांत धरलं. वाल्फ्रिडला कळू दिलं नाही. तोही पुढे काय सोसत होता ते तिला दिसत नव्हतं. फक्त दोर दर वीस पावलांवर सैल पडायचा, आणि त्याचा श्वास जुन्या भात्यासारखा वाजायचा. मग दोर पुन्हा ताठ व्हायचा.

सीडरच्या झाडाखाली हरीण बसल्याची जागा सापडली. पानं दबलेली, मधे वाटीभर रक्त, कडेनं सुकून काळं पडलेलं. तिनं बोट बुडवलं. मधे अजून ओलं होतं.

"उठून गेलाय. फार वेळ नाही झाला. तू बाटली घेऊन आलास तेव्हा इथंच असणार."

 त्यानं टोपी काढून घाम पुसला आणि पुन्हा घातली.

"कुठे?"

"पाण्याकडे. कलेजीतलं हरीण पाण्याकडे जातं."

पाणी म्हणजे ओढा, आणि ओढा बोड्रीच्या हद्दीत. दलदलीच्या कडेकडेनं तारेच्या कुंपणाशी पोहोचले तेव्हा तीन वाजून गेले होते. मधल्या तारेवर केसांचा झुबका आणि खाली एक थेंब. दुसऱ्याच्या रानात जखमी जनावराच्या मागे जायचं तरी मालकाला विचारून, असा कायदा; आणि कायद्याहून मोठी तिथली रीत. वाल्फ्रिड तारेला हात लावून उभा राहिला. सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकला होता.

मालक समोरच उभा होता.

हाका संपवून एड्गर ओढ्याकाठानं घरी निघाला होता. नारिंगी कोट, बंदूक काखेत. त्यानं वाल्फ्रिडला पाहिलं, दोर पाहिला, दोराच्या टोकाला घसरगाडीत आडवी पडलेली लेम्पी पाहिली, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"अरे देवा," तो म्हणाला. "किती टोकांची मारलीस?"

लेम्पीनं हनुवटी वर केली. थाप जिभेवर तयार होती. "डॉक्टरनं सांगितलंय, बोड्री. खुब्याला पानांचा वास द्यायचा. रोज दोन तास. फिनलंडात राणीला सुद्धा—"

"लेम्पी," वाल्फ्रिड म्हणाला. "पुरे."

 एक्कावन्न वर्षांत त्यानं तिला थापेच्या मधे कधी थांबवलं नव्हतं.

"हरीण जखमी आहे," वाल्फ्रिड एड्गरला म्हणाला. "तुझ्या हद्दीत गेलंय. कलेजीत लागलीय. मला रक्त दिसत नाही. लाल रंग दिसत नाही. पहिल्यापासून. म्हणून हिला आणलं."

एड्गर आधी हसला. मग लेम्पीकडे बघून म्हणाला, "तुझा रोग यालाही लागला का?"

कुणी हसलं नाही. एड्गरनं वाल्फ्रिडचा चेहरा पाहिला. मग कुंपणापासून दहा पावलांवर ओढ्याच्या ओलीत एक झुडूप उभं होतं त्याकडे हात केला. पानं सगळी झडलेली, आणि काडीकाडीवर फळं, एवढी लाल की मावळत्या उन्हात झुडूप पेटल्यासारखं वाटत होतं. सरोवरावरून सुद्धा दिसलं असतं.

"त्या झुडपावर काय आहे?"

वाल्फ्रिडनं डोळे बारीक केले. बराच वेळ बघितलं. प्रामाणिकपणे बघितलं.

"काही नाही," तो म्हणाला. "झुडूप आहे."

एड्गरचा हात हळूहळू खाली आला. त्यानं स्वतःच्या कोटाच्या बाहीकडे पाहिलं. मग पुन्हा वाल्फ्रिडकडे.

"म्हणून हाक्याला येत नव्हतास."

"हो."

"आणि मी तीस वर्षं तुला भित्रा म्हणालो."

"बत्तीस," वाल्फ्रिड म्हणाला.

एड्गरनं बंदुकीतली काडतुसं काढली, बंदूक झाडाला टेकवली आणि दोन्ही हातांनी वरची तार वर, पायानं खालची तार खाली दाबली. "आण तिला. डोकं खाली धर गं लांडगिणी."

दोघांनी मिळून गाडी तारेखालून काढली. आता दोर दोघांच्या खांद्यांवर होता. एक थेंब, मग आणखी एक. ओढ्याच्या काठी, चिखलात, खुरांचा ठसा. आणि तिथं माग संपला. लेम्पीनं काठ इकडून तिकडे दोनदा पालथा घातला. पाण्यानं सगळं धुऊन नेलं होतं. एड्गर पलीकडे उतरून बघून आला, मांड्यांपर्यंत भिजून. काही नाही. समोर ओढ्यापलीकडे सुकलेला नेचा, वाळलं गवत, पडलेली झाडं, सगळं तांबूस तपकिरी, मैलभर. उजेड कमी होत चालला होता.

"आता सकाळी," एड्गर हळूच म्हणाला.

वाल्फ्रिड ऐकत नव्हता. तो पलीकडे बघत होता, मान जरा कलती करून, मचाणावर बसल्यावर बघायचा तशी.

"तो बघ," तो म्हणाला.

"कुठे?"

"दोन ओंडक्यांच्या मधे. मान वर केलीय."

लेम्पीनं डोळे ताणले. एड्गरनं ताणले. दोघांना तांबूस गवत दिसलं, तांबूस नेचा दिसला, तांबूस ओंडके दिसले. रंगच रंग, त्यात जनावर कुठेच नाही.

"मला दिसत नाही रे," लेम्पी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं हे वाक्य त्याला म्हटलं.

"रंग बघू नकोस," वाल्फ्रिड म्हणाला. "कडा बघ. गवताला अशी पाठ नसते."

मग कान हलला, आणि दोघांना एकदम सगळा नर दिसला. आठ टोकं, बसलेला, तोंड उघडं, कुशी धपापत होती. तो त्यांच्याकडेच बघत होता. पळायची ताकद उरली नव्हती, पण मान त्यानं खाली ठेवली नव्हती.

वाल्फ्रिड पाण्यात उतरला. कंबरेपर्यंत पाणी, नोव्हेंबरातलं. पलीकडे गेला, दहा पावलांवर थांबला, बंदूक खांद्याला लावली. एड्गरनं टोपी काढली. बार झाला आणि मान खाली आली.

वाल्फ्रिड बराच वेळ तिथं वाकून होता. काय म्हणत होता ते या काठाला ऐकू आलं नाही. मग त्यानं चाकू काढला.

पोट फाडून आतडी काढेपर्यंत सूर्य बुडाला. कलेजीचा चेंदा झाला होता. हृदय मात्र शाबूत. एड्गर घरी जाऊन रानात चालणारी छोटी चारचाकी घेऊन आला. गाडीत त्याच्याशेजारी जागा एकालाच, घसरगाडी एकच.

"आधी कोण?" एड्गरनं विचारलं.

"हरीण ने," लेम्पी म्हणाली. "ते नासतं. मी आधीच नासलेय."

पण त्यानं लेम्पीला पुढे आपल्याजवळ बसवलं आणि हरीण घसरगाडीत बांधून मागे ओढलं. वाल्फ्रिड म्हणाला, मी येतो चालत. आणि तो जरा मागे राहिला, त्या झुडपापाशी.

मारलेल्या हरणाची सरकारी नोंद पेट्रोल पंपावर व्हायची. एड्गरच्या ट्रकमधे लेम्पी बसून राहिली, काच अर्धी खाली. पंपाच्या उजेडात सात-आठ नारिंगी कोट जमले होते. वाल्फ्रिड आत कागद भरत होता. एकानं हरणाच्या कुशीला पायानं ढोसलं आणि एड्गरला विचारलं, "कलेजीतलं? या पानांत? कसं काय सापडलं?"

 एड्गर बोड्री म्हणजे गावाचा कर्णा. आज जे त्याच्या तोंडून निघेल ते उद्या चर्चच्या पायरीवर असणार.

एड्गरनं नाक पुसलं.

"काय सांगू तुम्हाला," तो म्हणाला. "कुंपणापाशी उभा होतो. बघतो तर ही म्हातारी चार पायांवर. पायांवर म्हणजे, हातांवर आणि पायांवर. खुबा बिबा काही नाही. नाक जमिनीला. आणि गुरगुरत होती. माझा कुत्रा घाबरून झाडावर चढला."

"कुत्रा? झाडावर?"

"अजून उतरला नाही. भाकर फेकून आलोय."

कोट हसू लागले. कुणीतरी म्हणालं, बोड्री, तू पण झालास का त्यांच्यातला. एड्गर ट्रककडे बघत नव्हता. लेम्पीनं काच वर केली.

घरी आल्यावर वाल्फ्रिडनं हरीण कोठारात उलटं टांगलं. ओले कपडे काढले, साउना पेटवला नाही, एवढा दमला होता. लेम्पी चुलीपाशी स्टुलावर बसली, एका कुल्ल्यावर, आणि लोण्यात कांदा टाकून हृदयाच्या चकत्या परतू लागली. चार चकत्या तिनं आधीच झाकून ठेवल्या होत्या, सकाळी एड्गरकडे द्यायच्या म्हणून.

वाल्फ्रिडनं कोटाच्या खिशातून एक काडी काढली आणि तिच्या कॉफीच्या कपात उभी केली. तीच ती. काडीभर फळं.

"हीच ना?"

"हीच."

तो समोर बसला. काडीकडे बघत राहिला. मग, एक्कावन्न वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते त्यानं विचारलं.

"कसा असतो गं?"

लेम्पीनं तोंड उघडलं. अस्वल आलं, लांडगीण आली, साहेबाची टोपी आली. एकही थाप कामाची नव्हती. तिनं चकत्या उलटल्या, पुन्हा उलटल्या.

"फार काही नाही रे," ती शेवटी म्हणाली. "तुझा तपकिरीच. फक्त त्याला गप्प बसता येत नाही."

 काडी त्यानं बोटानं जरा फिरवली.

"म्हणजे तुझ्यासारखा."

लेम्पी काहीच बोलली नाही. तव्यावर चकत्या करपू लागल्या होत्या.